गहू सोडून दोन वर्षं झाली, बरं वाटतं. मग आता तपासणी कशाला?

प्रश्न थोडक्यात असा: "माझं वय ३६. मालवणजवळच्या गावात राहते. दोन वर्षांपूर्वी हिमोग्लोबिन ७ वर आलं होतं, लोहाच्या गोळ्या घेऊनही चढत नव्हतं. पोटाचा त्रास असा फारसा नव्हता. शेवटी दुर्बिणीने तपासून तुकडा काढला तेव्हा सिलिॲक असल्याचं कळलं. गहू बंद केला, चार-पाच महिन्यांत तरतरी आली. त्यानंतर कुठल्याच डॉक्टरांकडे गेले नाही. सासूबाई म्हणतात, आता बरी झालीस, प्रसादाचा शिरा चमचाभर खाल्लास तर काय बिघडतं? मुलगी सात वर्षांची आहे, वर्गात सगळ्यांत बुटकी. मी स्वतःहून आणखी काही करायला हवं का?"

ताई, एकत्र कुटुंबात, सणावारांच्या घरात दोन वर्षं गव्हाशिवाय राहणं किती जड जातं हे मला पेशंटांकडून रोज ऐकायला मिळतं. ते तुम्ही निभावलंत. पण 'त्यानंतर कुठल्याच डॉक्टरांकडे गेले नाही' ह्या वाक्यापाशी मी अडले, आणि माझं बहुतेक सगळं उत्तर त्या एका वाक्याला आहे.

लहान आतड्याच्या आतल्या अस्तरावर मखमलीसारखी बारीक लव असते. अन्नातलं लोह, कॅल्शियम, जीवनसत्त्वं ह्या लवेतून शरीरात शिरतात. गहू, जव आणि राय (rye, फोडणीची राई नव्हे) ह्या धान्यांतलं ग्लूटेन हे प्रथिन पोटात गेलं की सिलिॲक असलेल्या माणसाची स्वतःचीच प्रतिकारशक्ती त्या अस्तरावर उलटते आणि लव झिजून सपाट होते. गहू थांबवला की ती पुन्हा उगवते. मात्र बरं वाटणं आणि अस्तर भरून येणं ह्यांचा वेग सारखा नसतो. थकवा, पोटफुगी, जुलाब काही आठवड्यांत ओसरतात. अस्तर भरायला मोठ्या माणसांत दोन वर्षं, कित्येकांना त्याहूनही जास्त लागतात. त्या काळात कुठून तरी थोडं थोडं ग्लूटेन जात राहिलं तर माणसाला काही जाणवत नाही आणि अस्तर सुजलेलंच राहतं. तुमच्या बाबतीत तर हे अधिकच खरं आहे. हिमोग्लोबिन ७ वर येईपर्यंत तुमच्या पोटाने तक्रार केली नव्हती. तेव्हा जे बोललं नाही, ते आता सगळं ठीक असल्याची ग्वाही कशी देईल?

इथे मला माझी एक चूक सांगायला हवी. मी गेली चोवीस वर्षं सिंधुदुर्गात फिजिशियन म्हणून काम करते. सुरुवातीची बरीच वर्षं माझ्या डोक्यात पक्कं होतं की सिलिॲक हा पंजाब-हरियाणाकडचा, पोळीवर जगणाऱ्यांचा आजार. त्याला आधारही होता. उत्तर भारतात साधारण शंभरात एकाला हा आजार सापडतो, दक्षिणेत हजारात एकाला. आपण भातखाऊ, म्हणून आपल्याला नसणार असं मी धरून चालले. माझ्याकडे एक बाई येत असत. हिमोग्लोबिन आठच्या वर टिकत नसे. मी कधी पाळीला दोष दिला, कधी जंतांना, कधी गोळ्या नियमित न घेण्याला. दोन वर्षं मी त्यांना तेच ते लोह देत राहिले. त्यांच्या मुंबईच्या बहिणीला सिलिॲक निघालं, त्यांनी मला फोनवर सांगितलं, तेव्हा कुठे मी सिलिॲकची रक्ततपासणी लिहून दिली. आकडा मर्यादेच्या कितीतरी पट वर होता. गोळ्या त्या प्रामाणिकपणे घेत होत्या. शिरायला वाटच नव्हती.

हे सांगण्याचं कारण असं, की आपल्या किनारपट्टीवर आजही बहुतेक डॉक्टरांना हा आजार सहज आठवत नाही. हजारात एक म्हटलं तर एका दवाखान्यात किती येणार? त्यामुळे 'ताई, तुमची वार्षिक तपासणी राहिली' असा फोन तुम्हाला कुणी करणार नाही. ती आठवण तुम्हालाच ठेवावी लागेल.

माझ्या पेशंटांना मी एक दोनशे पानी वही करायला सांगते. पहिल्या पानावर निदानाची तारीख, दुर्बिणीच्या तपासणीचा आणि तुकड्याचा अहवाल चिकटवायचा. तो अहवाल जपा. पुढे कुणी नवा डॉक्टर म्हणाला की 'तुम्हाला हा आजार खरंच आहे कशावरून?' तर तोच पुरावा. गहू बंद असताना तपासण्या खोट्या शुद्ध, म्हणजे आजार नसल्यासारख्या, येतात, आणि पुन्हा सिद्ध करायचं तर किमान सहा आठवडे रोज गहू खावा लागतो. ती वेळ स्वतःवर येऊ देऊ नका. पुढच्या पानांवर दरवर्षीचे आकडे, आणि प्रत्येक आकड्याशेजारी त्या प्रयोगशाळेची वरची मर्यादा. तपासणीची तारीख आजारपणावर ठेवू नका, सणावर ठेवा. माझ्या एक पेशंट नारळी पौर्णिमेच्या आठवड्यात रक्त देतात, दुसऱ्या शिमगा आटोपला की. सण चुकत नाही, म्हणून तारीखही चुकत नाही.

आता त्या तपासण्या. पहिली टीटीजी-आयजीए. ग्लूटेनमुळे शरीर आपल्याच अस्तराविरुद्ध जी प्रतिद्रव्यं तयार करतं, त्यांचं हे मोजमाप. पथ्य सुरू केल्यावर सहा महिन्यांनी, मग वर्षाने आणि पुढे दरवर्षी ती करायची. शक्यतो एकाच प्रयोगशाळेत, कारण प्रत्येकीची मोजपट्टी वेगळी असते आणि आकडे एकमेकांशी जुळत नाहीत. आकडा उतरत जायला हवा. दोन वर्षांनीही तो वर असेल तर ग्लूटेन कुठून तरी येतंय असं समजून घर धुंडाळायचं. आणि आकडा शुद्ध आला म्हणून अस्तर पूर्ण भरलं असं छातीठोक म्हणता येत नाही, म्हणूनच बाकीच्या तपासण्याही सोडायच्या नाहीत. सोबत एकूण आयजीए (रक्तातल्या प्रतिद्रव्यांचा एक प्रकार) एकदाच बघून घ्या. काही जणांच्या शरीरात आयजीए मुळातच नसतं, सिलिॲकवाल्यांत असे थोडे जास्त. त्यांचा टीटीजी-आयजीए फसवा शुद्ध येतो आणि त्यांना वेगळ्या जातीची तपासणी लागते.

हिमोग्लोबिनसोबत फेरिटिन, म्हणजे शरीरातल्या लोहाच्या साठ्याचा आकडा, हवंच. हिमोग्लोबिन म्हणजे आज चुलीवर शिजलेला भात, फेरिटिन म्हणजे कणगीत शिल्लक असलेलं भात. चुलीवर भात दिसतो म्हणून आपण निर्धास्त राहतो आणि कणगीचा तळ लागलेला असतो. माझ्या बघण्यात हिमोग्लोबिन १२ आणि फेरिटिन अगदी तळाला, अशा बायका पुष्कळ आहेत. केस गळणं, जिना चढताना धाप, रात्री पायांची तळमळ ही त्यांची दुखणी 'वयामुळे' म्हणून बाजूला टाकली जातात. त्याशिवाय बी-१२, फोलेट, ड जीवनसत्त्व, कॅल्शियम, यकृताची तपासणी आणि थायरॉईड. थायरॉईड अशासाठी, की जी प्रतिकारशक्ती आतड्यावर उलटते ती थायरॉईडवरही उलटण्याची शक्यता इतरांपेक्षा जास्त असते. लहान वयातल्या, इन्सुलिन लागणाऱ्या मधुमेहाचंही हेच नातं आहे.

हाडांची घनता मोजणारी डेक्सा ही तपासणी मोठ्या वयात निदान झालेल्यांनी एकदा तरी करून घ्यावी. तुम्ही किती वर्षं कॅल्शियम न शिरता काढली असतील, त्याचा हिशेब फक्त हाडांकडे असतो. आपल्याकडे ती सगळीकडे होत नाही. कोल्हापूर किंवा गोव्याची फेरी पडते. बाकी कामं त्याच फेरीला जोडून घ्या, पण टाळू नका. पाळी जायच्या वयात हाडं पुन्हा वेगाने विरळ होतात, त्याआधी आपण कुठे उभ्या आहोत हे कळलेलं बरं.

लसीबद्दल क्वचितच कुणी सांगतं. सिलिॲकमध्ये काहींची प्लीहा आळसावते, आणि न्यूमोनियाच्या जंतूंशी लढण्यात प्लीहेचा मोठा वाटा असतो. म्हणून न्यूमोकॉकलची लस घेण्याबद्दल डॉक्टरांशी बोला. हिपॅटायटिस बीची लस पूर्वी घेतली असेल तरी ती लागू पडली का, हे रक्तातून तपासता येतं. ह्या आजारात ती काहींना नीट लागू पडत नाही आणि पुन्हा घ्यावी लागते.

आता सासूबाईंचा चमचाभर शिरा. 'इतक्यान काय होता?' हे वाक्य मी मालवणीत इतक्या वेळा ऐकलं आहे, की त्याचं उत्तर मी नेहमी हिशेबाने देते. सिलिॲकच्या माणसाला दिवसाला साधारण १० मिलिग्रॅमपर्यंत ग्लूटेन सोसतं असं मानतात. रोज ५० मिलिग्रॅम तीन महिने गेलं तर अस्तर बिघडतं, हे अभ्यासात दिसलेलं आहे. एका चमचा शिऱ्यात तीन-चार ग्रॅम रवा धरा. गव्हाच्या रव्यात ग्लूटेन वजनाच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपास. म्हणजे त्या एका चमच्यात तीनशे-चारशे मिलिग्रॅम. श्रावणात चार घरच्या सत्यनारायणाला गेलात तर महिन्याचं काय होईल ते तुम्हीच मोजा.

पण सासूबाईंना मिलिग्रॅम सांगून उपयोग नाही. त्यांच्या दृष्टीने प्रसाद नाकारणं म्हणजे देवाला नाकारणं, आणि त्या भावनेचा मान ठेवूनच मार्ग काढायला हवा. घरच्या पूजेला तांदळाच्या रव्याचा शिरा करा. सव्वाच्या मापाने तूप, साखर, केळं सगळं तेच. माझ्या दोन-तीन पेशंटांच्या घरी गेली कित्येक वर्षं हाच नैवेद्य होतो, भटजींनी कधी हरकत घेतलेली नाही. दुसऱ्याच्या घरी गेलात तर तीर्थ घ्या, शिऱ्याला न लागलेलं फळ घ्या, शिरा तळहातावर घेऊन कपाळाला लावा आणि बाजूच्या नातेवाइकाच्या हातावर द्या. आणि हे सगळं सासूबाईंना चारचौघांत नको, दुपारी स्वयंपाकघरात दोघीच असताना सांगा. त्यांना हेही सांगा, की हे पथ्य कुणा डॉक्टराच्या लहरीतून आलेलं नाही. विलेम डिके नावाचे हॉलंडचे बालरोगतज्ज्ञ गव्हाचा संशय आधीपासून घेत होते. दुसऱ्या महायुद्धाच्या शेवटी, १९४४-४५ च्या हिवाळ्यात तिथे दुष्काळ पडला, पाव मिळेनासा झाला, आणि बाकीचा देश भुकेने झिजत असताना सिलिॲकची मुलं मात्र सुधारली. पाव परत आला, मुलं पुन्हा आजारी पडली. १९५० मध्ये त्यांनी आपला प्रबंध मांडला. त्यानंतर इतकी वर्षं उलटली, तरी ह्या आजारावर आजही औषध हेच एक आहे.

आपल्या मुलखात हे पथ्य इतरांपेक्षा सोपं, असं लोक म्हणतात. खरंही आहे. पेज, घावणे, आंबोळी, तांदळाची भाकरी, शिरवाळे, पातोळे, उकडीचे मोदक, नाचणीची भाकरी, कुळथाची पिठी, माशाचं सांबारं, सोलकढी. आपल्या आज्यांनी ग्लूटेन हा शब्द न ऐकता निम्मं काम करून ठेवलं आहे. पण ह्या सोपेपणामुळेच आपण गाफील राहतो. 'मी तर भातच खाते' म्हणणाऱ्या बाईचा आकडा उतरत नाही तेव्हा मी आधी तीन ठिकाणं तपासते: हिंगाची डबी, पिठाची गिरणी आणि तळणीची कढई.

हिंग. शुद्ध हिंग इतका उग्र असतो की तो तसाच वापरत नाहीत. बाजारात मिळतो तो बांधणीचा हिंग, डिंक आणि पीठ घालून केलेला, आणि ते पीठ बहुतेक वेळा गव्हाचं असतं. डबी उलटी करून बारीक अक्षरं वाचा. फोडणीला चिमूट, आमटीला चिमूट, आणि कैरीच्या लोणच्यात तर चांगला चमचाभर. ते लोणचं वर्षभर पुरतं, म्हणजे हिंगही वर्षभर. तांदळाच्या पिठावर बांधलेला हिंग मिळतो, तो शोधून घ्या, नाहीतर फोडणी लसूण-राईची करा. आपल्याकडे त्यात कमीपणा काहीच नाही.

गिरणी हा सगळ्यांत कठीण भाग. तुम्ही स्वतः तांदूळ धुऊन, सावलीत वाळवून गिरणीत देता. तुमच्या आधी शेजारणीचे गहू दळले गेलेले असतात. दगडांत, नळीत, सुपड्यात ते पीठ अडकून राहतं आणि तुमच्या पिठात उतरतं. 'सकाळी पहिला नंबर लावते' हा उपाय अनेक जणी सांगतात, तो पुरत नाही, कारण कालचा गहू आतच असतो. घरी छोटी घरघंटी घ्यायची ऐपत असेल तर ती फक्त तांदूळ-नाचणीसाठी ठेवा आणि तिच्यात एकदाही गहू घालू नका. ऐपत नसेल तर मिक्सर आहे. आंबोळी, घावणे यांचं पीठ तांदूळ भिजवून वाटलं की गिरणीचा संबंधच येत नाही. माळ्यावर जुनं जातं असेल तर घासून खाली काढा. एका गावात तिघींनी मिळून एक घरघंटी घेतली आहे; त्यांतल्या दोघींना हा आजारही नाही. नाचणीची भाकरी खायचीच आहे तर आपणही तिच्यासोबत, एवढंच त्यांचं म्हणणं. मला त्या दोघींचा फार आदर वाटतो.

कढई. आपल्या आयांच्या हातची तळलेली मासळी तांदळाच्या पिठात घोळवलेली असे. आता खाणावळीत सुरमई मागवली की रवा लावून येते, आणि एखाद्याने तुमच्यासाठी तांदळाचं पीठ लावून दिलं तरी तेल तेच असतं ज्यात सकाळपासून रव्याचे तुकडे तळले गेले. तिथे सांबारं-भात मागा, आणि त्यातही हिंग-मैदा नाही ना, हे विचारा. कोंबडी-वड्यांच्या पिठात कितीतरी घरी मूठभर गहू असतो. थालीपिठाच्या भाजणीतही. सातूच्या पिठात भाजलेले गहू किंवा जव असतात, ते पौष्टिक म्हणून मुलांना देतात. नाचणीची बिस्किटं म्हणून जी पाकिटं विकतात त्यांतल्या बऱ्याचशांत पहिला घटक मैदा असतो. दुधात घालायच्या माल्टच्या पुडींत जव असतो. घरी मोड आणून केलेलं नाचणीचं सत्त्व मात्र निर्धोक, फक्त ते कुठे दळलं एवढं बघा. ओट्सचं म्हणाल, तर ते मुळात गव्हाचे भाऊबंद नव्हेत, पण कारखान्यात गव्हात मिसळलेले असतात आणि थोड्या जणांना शुद्ध ओट्सही सोसत नाहीत. आपल्याला त्यांच्यावाचून काही अडलेलं नाही.

पाकीट घेताना दोन गोष्टी बघा. भारतीय नियमांनुसार 'ग्लूटेन-फ्री' लिहायचं तर किलोमागे २० मिलिग्रॅमपेक्षा जास्त ग्लूटेन चालत नाही. 'लो ग्लूटेन' म्हणजे २० ते १००, ते आपल्यासाठी नाही. आणि घटकांच्या खाली अॅलर्जीची सूचना असते, तिथे गहू किंवा ग्लूटेन लिहिलं असेल तर पाकीट परत ठेवा. घरातली स्टीलची भांडी नीट घासली की पुरे. लाटणं-पोळपाट, पिठाची चाळण, लाकडी उलथनं आणि घावण्यांचा बिडाचा तवा मात्र वेगळा ठेवा.

पोषणाबद्दल एकच मुद्दा ताणून सांगते. गहू काढून त्या जागी नुसता पांढरा भात वाढवला तर रक्त पुन्हा उतरतं आणि वजन वाढतं. अस्तर भरलं की खाल्लेलं सगळं अंगी लागायला लागतं. दोन वर्षांत दहा किलो वाढलेल्या, यकृतात चरबी साठलेल्या बायका मी बघते. भाताच्या जोडीला नाचणी आणा. तिच्यात शंभर ग्रॅममागे साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं, तांदूळ त्याच्या जवळपासही येत नाही. कुळीथ आठवड्यातून तीन-चारदा. काट्यांसकट खाता येणारी बारीक मासळी, सुका जवळा. पावसाळ्यात ताजे मासे नसतात तेव्हा सुकट आणि कडधान्य विसरू नका. चहा जेवणानंतर लगेच नको, लोह अडतं. जेवताना लिंबू पिळा, लोह शिरतं.

आता मुलगी. ह्या परिच्छेदातलं एकही वाक्य विसरू नका. आई, वडील किंवा भावंडाला सिलिॲक असेल तर ते स्वतःला असण्याची शक्यता साधारण दहात एक धरतात, आणि उंची न वाढणं हे मुलांतलं कधी कधी एकमेव लक्षण असतं. तिची टीटीजी-आयजीए आणि एकूण आयजीए तपासून घ्या, आणि तोवर तिचा गहू बंद करू नका. अनेक आया काळजीने आधी मुलाची पोळी बंद करतात, महिन्यांनी तपासणी करतात, ती शुद्ध येते, आणि मग काहीच नक्की सांगता येत नाही. तुमच्या घरी तुमच्यामुळे सगळ्यांचीच पोळी थांबली असेल, तर तिला रोज दोन जेवणांत गहू सुरू करा, किमान सहा आठवडे, आणि मग रक्त द्या. आकडा वर आला तर बालरोगतज्ज्ञ पोटविकारतज्ज्ञांकडे पाठवतील. मुलांत आकडा मर्यादेच्या दहापट किंवा अधिक असेल आणि दुसऱ्या नमुन्यातली पुष्टी जुळली तर कधी कधी दुर्बिणीवाचूनही निदान करतात. ते त्यांनी ठरवायचं. आकडा शुद्ध आला तर आनंदच आहे, पण ते आजचं उत्तर. हा आजार कुठल्याही वयात डोकं वर काढतो, म्हणून दोन-तीन वर्षांनी पुन्हा. सारखं सारखं टोचणं टाळायचं असेल तर एचएलए डीक्यू-२ आणि डीक्यू-८ ही जनुकांची तपासणी एकदाच करता येते. ती दोन्ही नसतील तर तिला हा आजार होण्याची शक्यता जवळजवळ संपली. असतील तर घाबरू नका, साधारण तिसऱ्या हिश्श्याच्या माणसांत ती असतात आणि त्यांतल्या फार थोड्यांना आजार होतो.

तुमच्या माहेरीही फोन करा. एखादीचे वारंवार गर्भपात, भावाचं थायरॉईड, आईचं लवकर मोडलेलं खुब्याचं हाड, कोपर-गुडघ्यांवर येणारे खाजरे बारीक फोड. ह्यांतलं काही असेल तर त्यांनाही तपासायला सांगा.

वार्षिक तारखेची वाट न पाहता डॉक्टरांकडे कधी जायचं, तेही लिहून ठेवा. पथ्य चालू असूनही वजन उतरायला लागलं, जुलाब परत आले, बारीक ताप येत राहिला, पोटात नव्याने दुखायला लागलं किंवा हिमोग्लोबिन कारण नसताना पडलं, तर तीन-चार दिवसांत गाठा. बहुतेक वेळा ग्लूटेनच कुठून तरी आलेलं सापडतं. फार थोड्यांत अस्तर पथ्याला दाद देईनासं होतं किंवा आतड्यात लसिकाग्रंथींचा कर्करोग सुरू झालेला असतो, आणि तो लवकर कळणं हे सगळ्यांत महत्त्वाचं. दिवस राहायचा विचार असेल तर आधीच फोलेट आणि फेरिटिन बघून घ्या. कधी रुग्णालयात भरती व्हावं लागलं तर केसपेपरवर हा आजार पहिल्या ओळीत लिहायला लावा, नाहीतर सकाळी उपमा आणि चार वाजता बिस्किटं खाटेवर येतात. नवी गोळी सुरू झाली की औषध दुकानदाराला तिच्यातल्या स्टार्चबद्दल विचारा. गव्हाचं क्वचितच असतं, पण विचारायला दोन मिनिटं लागतात.

तर ताई, ह्याच आठवड्यात उपाशीपोटी रक्त द्या: टीटीजी-आयजीए, एकूण आयजीए, हिमोग्लोबिन, फेरिटिन, बी-१२, फोलेट, ड जीवनसत्त्व, कॅल्शियम, यकृत, थायरॉईड. मुलीच्या लसीकरणाच्या पुस्तकात जन्मापासूनची वजनं असतील आणि शाळेच्या तपासणीत उंची लिहिलेली असेल, त्या दोन्ही नोंदी काढून ठेवा. अहवाल आले की आकडे प्रयोगशाळेच्या मर्यादेसह मला पाठवा, आणि सोबत हिंगाच्या डबीच्या मागच्या बाजूचा फोटो.